नॅनोद्रवांची उष्णता संवाहकता व तिचे मापन

नॅनोद्रवांची उष्णता संवाहकता व तिचे मापन : धातूंचे अथवा धातूंच्या ऑक्साइडांचे साधारणपणे १ ते १०० नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = मीटरचा एक अब्जांश भाग) व्यासाचे कण एखाद्या द्रवात तळाशी न बसता विखरून राहतील अशा रीतीने मिसळले असता जे मिश्रण मिळते त्यास नॅनोद्रव किंवा अब्जांशी द्रव म्हणतात. पाणी, एथिलीन ग्लायकॉल, टोल्यूइन, खनिज तेले हे द्रव आधारद्रव म्हणून व सोने, चांदी, तांबे, ॲल्युमिनियम ऑक्साइड, क्युप्रिक ऑक्साइड इ. पदार्थ कणांसाठी वापरले जातात. रचनेच्या दृष्टीने नॅनोद्रव हे एक प्रकारचे कलिलच होय [→ कलिल]. त्यांचा वेगळा विचार करण्याचे कारण म्हणजे उष्णता वाहून नेण्याच्या त्यांच्या गुणधर्माविषयी १९९५ नंतर केले गेलेले दावे आणि ते पारखताना मापनशास्त्रापुढे उभे राहिलेले प्रश्न.

एंजिने, रोहित्रे, विद्युत् जनित्रे, संगणकांतील इलेक्ट्रॉनीय मंडले यांत निर्माण होणारी उष्णता बहुधा द्रवाच्या साहाय्याने बाहेर काढावी लागते. परंतु द्रव हे उष्णतेचे मंद संवाहक आहेत. नेहमीच्या तापमानास पाण्याची उष्णता संवाहकता सु. ०·६, एथिलीन ग्लायकॉलाची सु. ०·२५ व टोल्यूइनाची सु. ०·१३ वॉट/मी.-केल्व्हिन इतकी असते. याउलट तांब्याची संवाहकता सु. ४०० व चांदीची सु. ४३० वॉट/मी.-केल्व्हिन आहे, म्हणजे पाण्याच्या जवळजवळ सातशेपट. तेव्हा द्रवात धातूची पूड मिसळली, तर त्याची संवाहकता वाढेल ही कल्पना सुचणे स्वाभाविक आहे. किती वाढेल, हा मात्र निराळा प्रश्न असून त्याचे उत्तर मिळण्यास बराच काळ लागला.

येथे दोन राशींतील भेद ध्यानात ठेवावयास हवा. पदार्थाच्या दोन बाजूंच्या तापमानांत ठराविक फरक राखला असता एकक क्षेत्रफळातून दर सेकंदास किती उष्णता जाते हे ज्या राशीने कळते ती उष्णता संवाहकता होय. एका ठिकाणी झालेला तापमानातील बदल पदार्थात किती त्वरेने पसरतो हे दर्शविणाऱ्या राशीस उष्णता विसरणता म्हणतात. संवाहकतेला घनता व विशिष्ट उष्णता यांच्या गुणाकाराने भागले म्हणजे विसरणता मिळते. पुढे वर्णन केलेल्या पद्धतींपैकी काहींत पहिली राशी व काहींत दुसरी राशी मोजली जाते. एकीवरून दुसरी काढताना विशिष्ट उष्णतेच्या मापनातील त्रुटीही उत्तरात मिसळते.

इतिहास : द्रवात विखुरलेल्या धातुकणांचा पद्धतशीर अभ्यास मायकेल फॅराडे यांच्यापासून सुरू होतो. सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात विखुरले असता माणकासारखा तांबडा रंग येतो हे त्यांनी १८५७ मध्ये दाखविले. अशा मिश्रणातून विद्युत् प्रवाह कसा वाहील याचे गणित जे. सी. मॅक्सवेल यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या विद्युत् व चुंबकत्व यांवरील ग्रंथात मांडले. विद्युत् प्रवाह आणि उष्णता यांच्या संवहनाची समीकरणे सारख्याच स्वरूपाची असल्यामुळे तेच गणित उष्णतेलाही लागू पडते. मॅक्सवेल यांच्या सूत्राप्रमाणे गोलाकार कणांचे घनफळाने असलेले प्रमाण अल्प असून कणांची संवाहकता द्रवापेक्षा पुष्कळच जास्त असेल, तर मिश्रणाच्या संवाहकतेतील शेकडा वाढ कणांच्या शेकडा प्रमाणाच्या सु. तिप्पट असते. कण तांब्याचे आहेत की चांदीचे, यास येथे फारसे महत्त्व उरत नाही. कारण उष्णतेला एका कणापासून दुसऱ्यापर्यंत जाताना द्रवाचा पट्टा ओलांडावाच लागतो आणि मार्गातील मुख्य अडथळा तोच असतो. आर. एल. हॅमिल्टन व ओ. के. क्रॉसर यांनी १९६२ मध्ये हे सूत्र गोलाकार नसलेल्या कणांसाठी विस्तृत केले.

मिलिमीटर वा मायक्रोमीटर आकारमानाचे कण वापरून केलेल्या प्रयत्नांत कण लवकर तळाशी बसत, अरुंद नळ्या तुंबत व पंपांची झीज होई. अब्जांशी आकारमानाच्या कणांत या अडचणी कमी होतात. जपानमध्ये एच. मासुदा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पाण्यात ऑक्साइडांचे सूक्ष्म कण मिसळून संवाहकतेतील वाढ मोजली. अमेरिकेतील शिकागोजवळच्या आर्‌गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एस. यू. एस. चोई यांनी १९९५ मध्ये अशा द्रवांना नॅनोद्रव हे नाव दिले. याच प्रयोगशाळेतील जे. ए. ईस्टमन व सहकारी यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षाने मोठी खळबळ उडाली. एथिलीन ग्लायकॉलात १० नॅनोमीटरपेक्षा कमी सरासरी व्यासाचे तांब्याचे कण घनफळाने अवघे ०·३ टक्के मिसळले असता संवाहकता ४० टक्क्यांपर्यंत वाढते, असा तो निष्कर्ष होता. मॅक्सवेल यांच्या सूत्राप्रमाणे ही वाढ एक टक्काही होत नाही.

भारतातील कार्यही याच सुमारास पुढे आले. मद्रास (आता चेन्नई) येथील भारतीय तंत्रविद्या संस्थेत सरित कुमार दास, टी. प्रदीप व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोने व चांदी यांच्या कणांवर प्रयोग केले. सायट्रेटाच्या साहाय्याने स्थिर केलेल्या सोन्याच्या कणांचे पाण्यातील प्रमाण घनफळाने ०·०००२६ टक्के इतके अत्यल्प असताही ३०° ते ६०° से. या तापमानांच्या दरम्यान संवाहकतेत ५ ते २१ टक्के वाढ आढळल्याचे त्यांनी २००३ मध्ये नोंदविले. हे प्रमाण म्हणजे एक लिटर पाण्यात सु. ५० मिग्रॅ. सोने, घनफळाने तीन घन मिलिमीटरांहूनही कमी. मॅक्सवेल यांच्या सूत्राने येणारी वाढ येथे एक टक्क्याच्या हजाराव्या भागाइतकीही नाही. कोणत्याही उपकरणाला ती जाणवणार नाही. तेव्हा एक तर शंभरांहून अधिक वर्षे वापरात असलेले सूत्र या क्षेत्रात अपुरे पडत होते, किंवा मापनात कोठेतरी अशी त्रुटी शिरत होती की जी शोधून काढणे आवश्यक होते. १९९५ नंतरच्या दीड दशकातील या विषयाचा इतिहास म्हणजे मुख्यतः या दोन पर्यायांतून निवड करण्याचा इतिहास आहे.

तप्त तार पद्धती : द्रवांची संवाहकता मोजण्याची सर्वांत प्रचलित पद्धत हीच आहे. ताणून बसविलेल्या तापलेल्या तारेचा उपयोग ए. श्लायरमाखर यांनी १८८८ मध्ये वायूंसाठी केला होता. तापमान स्थिर होण्याची वाट न पाहता ते वाढत असतानाच मापन करण्याची रीत स्वीडनमधील स्टोलहाने व प्यूक यांनी १९३१ मध्ये वापरली. या पद्धतीत केसाहून बारीक अशी प्लॅटिनमची तार द्रवात उभी ताणून बसवितात. ठराविक क्षणी तीतून स्थिर विद्युत् प्रवाह सोडला म्हणजे तार तापू लागते व तिची उष्णता सभोवतालच्या द्रवात पसरते. द्रव चांगला संवाहक असेल, तर उष्णता लवकर निघून जाते व तार सावकाश तापते. तो मंद संवाहक असेल, तर तार भराभर तापते. तापमान वाढले की प्लॅटिनमचा विद्युत् रोध वाढतो, त्यामुळे तीच तार एकाच वेळी तापक व तापमापक अशी दोन्ही कामे करते. रोधातील बदल व्हीट्स्टन सेतूने मोजतात.

तारेच्या तापमानातील वाढ कालाच्या नैसर्गिक लॉगरिथमाच्या प्रमाणात होते. म्हणून कालाचा लॉगरिथम आडव्या अक्षावर व तापमानवाढ उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढल्यास सरळ रेषा मिळते. तारेच्या दर मीटर लांबीमागे खर्च होणाऱ्या शक्तीला या रेषेच्या उताराने व पायच्या (वर्तुळाचा परिघ व व्यास यांच्या गुणोत्तराच्या) चौपटीने भागले की संवाहकता मिळते. तारेची जाडी वा द्रवाची विशिष्ट उष्णता माहीत असण्याची गरज पडत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण होय.

परंतु हा उतार किती सूक्ष्म असतो हे पाहण्याजोगे आहे. समजा, पाण्यातील तारेत दर मीटरमागे १ वॉट शक्ती खर्च होत आहे. तर ०·१ सेकंदापासून १ सेकंदापर्यंत तारेचे तापमान फक्त सु. ०·३° से. ने वाढते. प्लॅटिनमचा रोध दर अंशास सु. ०·३९ टक्का वाढत असल्याने या अवधीत तारेच्या रोधात सु. ०·१२ टक्का फरक पडतो. संवाहकता एक टक्क्यापर्यंत अचूक हवी असेल, तर या फरकाचाही शंभरावा भाग, म्हणजे मूळ रोधाचा सु. एक लक्षांश भाग खात्रीने ओळखता आला पाहिजे. शक्ती वाढवून हे काम सोपे करता येते, पण मग द्रवात प्रवाह उत्पन्न होण्याचा धोका वाढतो.

त्रुटींची कारणे : तार व द्रव यांव्यतिरिक्त प्रयोगात दुसरे काहीही नाही असे वरील गणित गृहीत धरते. प्रत्यक्षात आरंभीच्या काही क्षणांत तारेच्या स्वतःच्या उष्णताधारकतेमुळे आलेख वाकलेला असतो. पुढे तारेलगतचा तापलेला द्रव हलका होऊन वर चढू लागतो आणि उष्णता संवहनाबरोबरच अभिसरणानेही जाऊ लागते. हे सुरू झाले की तार अपेक्षेपेक्षा कमी तापते, आलेखाचा उतार घटतो आणि संवाहकता खोटीच वाढलेली दिसते. त्यामुळे या दोन टोकांमधील सरळ भागच विचारात घ्यावा लागतो. तो भाग नेमका कोठून कोठपर्यंत घ्यावा याचा निर्णय प्रयोगकर्त्याकडे राहतो आणि येथेच दोन प्रयोगशाळांची उत्तरे वेगळी होऊ शकतात. तापमान जास्त असताना पाण्याची श्यानता (दाटपणा) कमी होऊन अभिसरण लवकर सुरू होते. म्हणून वाढत्या तापमानाबरोबर दिसणाऱ्या संवाहकतेतील वाढीकडे विशेष सावधपणे पाहिले पाहिजे.

दुसरी अडचण नॅनोद्रवांत अधिक जाणवते. धातुकण स्थिर राखण्यासाठी घातलेल्या लवणांमुळे द्रव विद्युत् संवाहक बनतो. उघड्या तारेतील प्रवाहाचा काही अंश मग द्रवातूनच वाहतो, तारेच्या पृष्ठावर विद्युत् विच्छेदन होते आणि सेतूवरील वाचने बिघडतात. यावर उपाय म्हणून वाय. नागासाका व ए. नागाशिमा यांनी १९८१ मध्ये निरोधक लेप दिलेली तार वापरण्याची रीत दाखविली. टँटलमाच्या तारेवर तिच्याच ऑक्साइडाचा पातळ थर चढवूनही हेच साधता येते. लेपामुळे पडणारा फरक गणिताने दूर करावा लागतो. याशिवाय कण तारेवर चिकटणे, पात्र किंचित कलल्याने तार उभी न राहणे, मापन चालू असताना कण खाली बसू लागणे यांमुळेही उत्तर बदलते. ज्यांची संवाहकता निश्चितपणे माहीत आहे अशा पाणी व टोल्यूइन यांवर उपकरण आधी पारखून घेणे म्हणूनच अनिवार्य मानले जाते. २५° से. तापमानास पाण्याची प्रमाणभूत संवाहकता ०·६०६५ वॉट/मी.-केल्व्हिन अशी धरली जाते.

नमुन्याविषयीचे प्रश्नही उपकरणाइतकेच महत्त्वाचे आहेत. तांब्याचे कण हवेच्या संपर्कात ऑक्साइडात रूपांतरित होतात. द्रवाची अम्लता किंवा त्यातील लवणांचे प्रमाण बदलले की कणांवरील विद्युत् भारांचे परस्पर प्रतिसारण घटते व कण एकमेकांना चिकटून पुंजके बनतात. सोन्याच्या बाबतीत हा बदल डोळ्यांनाही दिसतो, कारण द्रवाचा तांबडा रंग निळसर होतो. सकाळी तयार केलेला नमुना व दुपारी उपकरणात घातलेला नमुना हे एकच द्रव्य असेल असे धरून चालता येत नाही. कणांचे आकारमान इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहताना थेंब वाळवावा लागत असल्यामुळे द्रवातील खरी स्थिती त्यातून कळत नाही. त्यासाठी कणांनी प्रकीर्णन केलेल्या (विखुरलेल्या) प्रकाशाच्या तीव्रतेतील चढउतार मोजून आकारमान काढतात.

इतर पद्धती : दोन समांतर पट्टिकांमध्ये द्रवाचा पातळ थर ठेवून एक पट्टिका तापविणे व स्थिर अवस्थेतील तापमानांचा फरक मोजणे, ही जुनी व कल्पनेस सोपी पद्धत आहे. मात्र कडांकडून होणारा उष्णतेचा ऱ्हास टाळणे तीत कठीण जाते. तापमान आंदोलन पद्धतीत पात्राच्या पृष्ठाचे तापमान ठराविक गतीने वरखाली करतात आणि हे आंदोलन द्रवाच्या आतील भागात पोहोचताना किती क्षीण होते व किती मागे पडते यावरून विसरणता काढतात. दास यांच्या गटाने ऑक्साइडांच्या कणांसाठी ही पद्धत वापरली होती. तारेतून प्रत्यावर्ती प्रवाह सोडून त्याच्या तिप्पट कंप्रतेचा विद्युत् दाब मोजण्याची रीतही आहे. तीत द्रव अगदी थोडा लागतो.

प्रकाशीय पद्धतींपैकी औष्णिक भिंग पद्धती धातुकणांच्या द्रवांना विशेष सोयीची आहे. जे. पी. गॉर्डन व त्यांचे सहकारी यांनी द्रवाचा नमुना लेसरच्या पोकळीत ठेवला असता प्रकाश हळूहळू पसरट होत जातो असे पाहिले आणि १९६५ मध्ये त्याचे स्पष्टीकरण दिले. लेसर शलाका द्रवातून जाताना तिच्या मध्यभागी तीव्रता सर्वाधिक असल्यामुळे तेथील द्रव जास्त तापतो. बहुतेक द्रवांचा प्रणमनांक तापमानाबरोबर घटत असल्याने तापलेला भाग अंतर्गोल भिंगाप्रमाणे वागतो आणि शलाका पसरते. पुढे ठेवलेल्या लहान छिद्रातून अभिज्ञातकावर पडणारा प्रकाश त्यामुळे कमी होतो. हे भिंग किती काळात तयार होते हे मोजले की विसरणता कळते. शलाकेच्या त्रिज्येच्या वर्गाला विसरणतेच्या चौपटीने भागले असता हा काल मिळतो. त्रिज्या ५० मायक्रोमीटर असल्यास पाण्यासाठी तो सु. ४ मिलिसेकंद येतो. यात द्रवाला काहीही स्पर्श करीत नाही, तापमानवाढ अत्यल्प पुरते आणि विद्युत् संवाहकतेचा प्रश्नच उद्‌भवत नाही. सोन्याचे अब्जांशी कण सु. ५२० नॅनोमीटर व चांदीचे सु. ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश जोराने शोषतात. एरवी पारदर्शक असलेल्या पाण्यात हिरव्या लेसरने उष्णता उत्पन्न करणे त्यामुळे शक्य होते.

याही पद्धतीला मर्यादा आहेत. पाण्याचा प्रणमनांक तापमानाबरोबर फार थोडा, म्हणजे दर अंशास सु. एक दशसहस्रांश भागाने बदलतो. अल्कोहॉलात हा बदल सु. चौपट असल्याने मापन पुष्कळ सोपे जाते. शिवाय तापमानातील फरकामुळे कण स्वतःच उष्ण भागातून शीत भागाकडे सरकू लागतात व मध्यभागी त्यांची संहती बदलते. त्यामुळे आणखी एक मंद गतीचे भिंग निर्माण होते. मापन लांबविल्यास ही दोन भिंगे एकमेकांत मिसळतात. शलाकेची त्रिज्या मोजण्यातील एक टक्का त्रुटी उत्तरात दोन टक्के होऊन येते, हेही विसरता येत नाही.

अब्जांशी कणांविषयीचा वाद निवळण्यास प्रकाशीय मापनांचा बराच हातभार लागला. एस. ए. पुटनम, डी. जी. केहिल, पी. व्ही. ब्राउन व सहकारी यांनी लेसर शलाकेचे विचलन मोजून सोन्याच्या २ व ४ नॅनोमीटर व्यासाच्या कणांचा अभ्यास केला. घनफळाने एक टक्क्यापेक्षा कमी प्रमाण असताना त्यांना आढळलेली सर्वांत मोठी वाढ एथिल अल्कोहॉलातील ४ नॅनोमीटर कणांची असून ती १·३ टक्के, अधिक-उणे ०·८ टक्का इतकीच होती (२००६). यानंतर एकच नमुना अनेक प्रयोगशाळांना पाठवून तुलना करण्याचा आंतरराष्ट्रीय उपक्रम हाती घेण्यात आला. मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेतील जे. बुओन्जोर्नो त्याचे प्रमुख होते. तीसहून अधिक संस्थांनी त्यात भाग घेतला आणि चेन्नई व कल्पाक्कम येथील संशोधकही त्यांत होते. ॲल्युमिनियम ऑक्साइड, सिलिका, मँगॅनीज-झिंक फेराइट व सोने यांचे नमुने वाटण्यात आले आणि प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने मापन केले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार बहुतेक संस्थांची मूल्ये प्रत्येक नमुन्याच्या सरासरीपासून १० टक्क्यांच्या आत होती. तपासलेल्या कोणत्याही द्रवात सिद्धांताबाहेरची वाढ आढळली नाही आणि अत्यल्प प्रमाणातील सोन्याच्या नमुन्यात मोजण्याजोगी वाढच दिसली नाही. या अहवालाने पूर्वीचे प्रत्येक मापन चूक ठरते असे नव्हे, कारण तेच नमुने पुन्हा तपासलेले नव्हते. तथापि असाधारण वाढीचा दावा सिद्ध करण्याची जबाबदारी त्यानंतर दावा करणाऱ्यावर आली, हे मात्र खरे.

कण व द्रव यांमधील सीमा : कणांचे आकारमान लहान केल्याने संवाहकता वाढावी अशी सुरुवातीची अपेक्षा होती. प्रत्यक्षात उलट कारण अधिक बलवान आहे. दोन भिन्न पदार्थांच्या सीमेवर उष्णतेला रोध होतो व तेथे तापमान एकदम उतरते. पी. एल. कापित्सा यांना १९४१ मध्ये द्रवरूप हीलियमात हा परिणाम आढळला. मोठ्या वस्तूंत तो नगण्य असतो, पण कण जसजसे लहान होतात तसतसे त्यांच्या घनफळाच्या मानाने पृष्ठफळ वाढते आणि सीमारोधाचे महत्त्व वाढत जाते. सीमारोध जितक्या जाडीच्या द्रवथराच्या रोधाइतका असतो त्या जाडीस कापित्सा लांबी म्हणतात. सी. डब्ल्यू. नान व सहकारी यांनी १९९७ मध्ये दिलेल्या सूत्रावरून असे दिसते की, कणाची त्रिज्या या लांबीइतकी असेल, तर तो कण कितीही उत्तम संवाहक धातूचा असला तरी सभोवतालच्या द्रवासारखाच वागतो. त्याहून लहान कण मिश्रणाची संवाहकता कमीच करतो.

ही लांबी मोजण्यासाठी धातुकणांचाच उपयोग करून घेण्यात आला. ओ. एम. विल्सन, केहिल व सहकारी यांनी २००२ मध्ये अतिजलद लेसर स्पंदाने कण तापवून ते किती वेळात थंड होतात ते पाहिले. सायट्रेटाचे आवरण असलेल्या प्लॅटिनम कणांची पाण्याशी असलेली सीमासंवाहकता दर चौ. मी.-केल्व्हिनला सु. १३० मेगॅवॉट व सेंद्रिय गंधकयुक्त रेणूंचे आवरण असलेल्या सोने-पॅलॅडियम कणांची टोल्यूइनाशी असलेली सु. ५ मेगॅवॉट आढळली. यावरून कापित्सा लांबी पहिल्या बाबतीत ५ नॅनोमीटरांच्या आसपास व दुसऱ्या बाबतीत २६ नॅनोमीटरांच्या आसपास येते. म्हणजे १० नॅनोमीटर व्यासाचा प्लॅटिनमचा कण पाण्यात उष्णतेच्या दृष्टीने जवळजवळ पाण्याच्या थेंबासारखाच ठरतो. कण स्थिर राहावेत म्हणून दिलेले आवरणच त्यांची उष्णता अडवून धरते, हा या विषयातील एक विलक्षण पेच आहे.

कणांच्या ब्राउनीय गतीमुळे उष्णता वेगाने पसरत असावी, असे एक स्पष्टीकरण पुष्कळ काळ पुढे केले जात होते. साध्या आकडेमोडीने त्याची मर्यादा कळते. १० नॅनोमीटर व्यासाच्या कणाचा पाण्यातील विसरण गुणांक २५° से. ला दर सेकंदास सु. ०·०५ अब्जांश चौ. मी. असतो, तर पाण्याची उष्णता विसरणता दर सेकंदास सु. १४६ अब्जांश चौ. मी., म्हणजे सु. ३,००० पट असते. कण एका जागेहून दुसरीकडे सरकेपर्यंत उष्णता द्रवातून केव्हाच पुढे निघून गेलेली असते.

पुंजक्यांचा परिणाम मात्र खरा आहे. कण एकमेकांस लागून लांब साखळ्या बनल्या, तर उष्णतेला घन पदार्थातून सलग मार्ग मिळतो आणि वाढ मॅक्सवेल यांच्या मूल्यापेक्षा जास्त होऊ शकते. झेड. हाशिन व एस. श्ट्रिकमन यांनी १९६२ मध्ये मिश्र पदार्थांच्या संवाहकतेची जी वरची व खालची मर्यादा काढली आहे तिच्या दरम्यानच नॅनोद्रवांची बहुतेक प्रसिद्ध मूल्ये पडतात, असे पी. केब्लिन्स्की, आर. प्रशेर व जे. ईपेन यांनी २००८ मध्ये दाखविले. कल्पाक्कम येथील इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रात जॉन फिलिप व सहकारी यांनी २००७ मध्ये केलेला प्रयोग या संदर्भात निर्णायक म्हणावा लागेल. मॅग्नेटाइटाच्या कणांचे घनफळाने ६·३ टक्के प्रमाण असलेल्या द्रवाला चुंबकीय क्षेत्रात ठेवले असता कण क्षेत्राच्या दिशेने साखळीसारखे जुळले व संवाहकता ३०० टक्क्यांपर्यंत वाढली. मॅग्नेटाइट हे शुद्ध धातू नसून लोखंडाचे ऑक्साइड आहे आणि त्याची संवाहकता तांब्याच्या मानाने फारच कमी आहे. तरीही एवढी वाढ झाली, कारण येथे कणांची मांडणी बदलली होती.

साखळ्यांचा हा लाभ फुकट मिळत नाही. पुंजके बनलेला द्रव दाट होतो व पंपाला अधिक शक्ती लागते. विखुरलेल्या गोल कणांमुळे होणारी श्यानतेतील वाढ आइन्स्टाइन यांच्या सूत्राप्रमाणे (१९०६, दुरुस्ती १९११) कणांच्या प्रमाणाच्या अडीचपट असते. पुंजके झाल्यास ती याच्या कितीतरी पट होते. नळीतील स्तरीय प्रवाहात श्यानतेतील वाढ संवाहकतेतील वाढीच्या चौपटीहून अधिक झाली, तर नॅनोद्रव मूळ द्रवापेक्षा निरुपयोगी ठरतो, असे प्रशेर व सहकारी यांनी २००६ मध्ये दाखविले आहे. द्रवाच्या उष्णताधारकतेचाही विचार करावा लागतो. एक घ. सेंमी. पाणी एक अंशाने तापविण्यास सु. ४·२ जूल उष्णता लागते, तेवढ्याच तांब्याला सु. ३·४ व सोन्याला सु. २·५ जूल पुरते. पाण्यात धातू मिसळल्याने प्रवाहाची उष्णता वाहून नेण्याची क्षमता दर घनफळामागे घटते. तेव्हा शीतनासाठी एखादा नॅनोद्रव निवडताना संवाहकतेबरोबर त्याची श्यानता, घनता व विशिष्ट उष्णता त्याच नमुन्यावर आणि त्याच दिवशी मोजलेली असणे इष्ट ठरते.